पंखे फिरतायत, लाईट लागलीय, पण डिस्प्ले येत नाही

यावेळच्या पत्रांमध्ये एकच तक्रार फिरून फिरून आलीय. नवीन पीसी घरी जोडला, बटण दाबलं, सगळं चालू झालं आणि मॉनिटर मात्र काळाच. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी घेते, आज फक्त यावरच बोलू. सगळ्यांनाच आधी एक सांगायचंय, डिस्प्ले आला नाही म्हणजे काहीतरी जळलं असं नसतं. नवीन जोडलेल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा काहीतरी अर्धवट बसलेलं असतं, नाहीतर एखादी वायर लावायची राहिलेली असते, नाहीतर बोर्डाला, म्हणजे मदरबोर्डाला, नवा प्रोसेसर ओळखूच येत नसतो, आणि या तिन्हींना नवीन पार्ट लागत नाही. तेव्हा कार्टमध्ये दुसरा बोर्ड टाकायच्या आधी हे शांतपणे वाचा.

प्रश्न : ताई, बारावीनंतर सुट्टीत काम करून पैसे साठवले आणि पहिल्यांदाच स्वतः पीसी बनवला. रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, आरजीबीचे रंगीत दिवे लागतात, पण मॉनिटरवर नुसतं नो सिग्नल. एका दुकानदाराने सांगितलं बोर्ड गेलाय, दुसरा म्हणाला प्रोसेसर गेला असणार. दोन्ही परत घ्यायची ऐपत नाही. आधी काय बदलू?
— सांगलीहून एक वाचक

उत्तर : आत्ता काहीच बदलू नकोस. तुझं पत्र वाचून वाईट वाटलं ते यासाठी की दोन माणसांनी दोन वेगळे पार्ट गेले म्हणून सांगितलं आणि दोघांनीही कसं तपासलं ते सांगितलं नाही. बोर्ड गेलाय असं म्हणायचं तर दुसरा चालू प्रोसेसर आणि दुसरी चालू रॅम त्याच बोर्डावर लावून बघावी लागते, नुसतं बटण दाबून आणि पंख्याकडे बघून ते कळत नाही. पुढच्या वेळी कोणी असं म्हणालं तर नम्रपणे एवढंच विचार, काय लावून बघितलंत?

आता मॉनिटरची केबल कुठे लावलीयस ते बघ. कॅबिनेटच्या मागे एचडीएमआयची दोन ठिकाणी जागा असते, एक वर, यूएसबी आणि ऑडिओच्या जॅकच्या रांगेत, ती बोर्डाची, आणि एक खाली आडव्या पट्टीवर, ती ग्राफिक कार्डाची. तुझ्या ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाहीये, त्यामुळे बोर्डावरच्या पोर्टमधून तुला कधीच चित्र दिसणार नाही, पोर्ट चांगला असला तरी. केबल खालच्या कार्डातच हवी. ५६००जी असता, म्हणजे नावामागे जी, तर वरचा पोर्टही चालला असता. इंटेल घेतलेल्यांनी नावाच्या शेवटचं एफ बघावं, आय५-१२४०० मध्ये ग्राफिक्स आहे आणि १२४००एफ मध्ये नाही, आणि दुकानात हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात. ग्राफिक कार्डाच्या पोर्टांवर कधी कधी प्लास्टिकची टोपणं येतात ती काढलीस ना? आणि मॉनिटरच्या मेनूत जाऊन इनपुट हाताने निवड, एचडीएमआय १, एचडीएमआय २, डिस्प्ले पोर्ट, जिथे लावलंयस ते. ऑटोवर ठेवलं की काही मॉनिटर चुकीच्याच पोर्टवर वाट बघत बसतात.

केबल बरोबर असेल तर पुढे प्रोसेसरची पॉवर. बोर्डाला दोन ठिकाणी करंट लागतो. २४ पिनांचा मोठा कनेक्टर कोणी विसरत नाही. दुसरा ८ पिनांचा, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, प्रोसेसरच्या वरच्या अंगाला, आणि एकदा कूलर आणि वरचे पंखे बसवले की तिथे हातच जात नाही, म्हणून तो राहून जातो किंवा अर्धा बसतो. आता गंमत नाही, खरंच नीट समजून घ्यायची गोष्ट आहे, तो कनेक्टर नसला तरी पंखे फिरतात आणि आरजीबी लागते, कारण त्यांची वीज २४ पिनांच्या वायरीतून येते, प्रोसेसर मात्र सुरूच होत नाही. म्हणून पंखे फिरणं हा प्रोसेसर चालू असल्याचा पुरावा मानायचाच नाही.

वायर ओळखताना जपून. एसएमपीएसमधून ८ पिनांच्या दोन जातीच्या वायरी येतात आणि लांबून सारख्याच दिसतात. प्रोसेसरवाली ४ आणि ४ अशी मधून फुटते आणि तिच्यावर सीपीयू लिहिलेलं असतं, ग्राफिक कार्डवाली ६ आणि २ अशी फुटते आणि तिच्यावर पीसीआयई. दोघींमध्ये प्लस-मायनसच्या बाजू उलट्या आहेत, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी जोर लावून घुसवायची नाही. तुझ्या आरएक्स ६६०० ला ८ पिनांची एक वायर लागते, ती पण आहे ना बघ, कार्डाचा पंखा फिरतोय म्हणून ती लागलीच आहे असं धरू नकोस. आणि मॉड्युलर एसएमपीएस असेल तर त्याच्या बॉक्समधल्याच केबली वापर, मित्राच्या दुसऱ्या एसएमपीएसची केबल तोंडाला बसते पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि तिथे मात्र खरोखर पार्ट जळतात.

मग रॅम. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा, बोर्डावर बारीक अक्षरात ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. पहिल्या आणि तिसऱ्यात लावल्या तर काही बोर्ड चालतात, काही रुसतात. आजकाल बऱ्याच बोर्डांवर स्लॉटला एकाच टोकाला लॅच असतो, दुसरं टोक फिक्स. लॅचचं टोक कट्ट करून बसतं आणि आपल्याला वाटतं झालं, पण दुसरं टोक एखाद मिलिमीटर वरच राहिलेलं असतं. टॉर्च घे, डोळा स्लॉटच्या लेव्हलला आण आणि रॅमच्या तळाशी जी सोन्याची पट्टी दिसते ती बघ. एका टोकाला तिची कड जास्त दिसतेय आणि दुसऱ्या टोकाला दिसत नाहीये म्हणजे रॅम तिरकी बसलीय. काढ, परत लाव, दोन्ही टोकांना दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाब. लागतो तेवढा जोर लागतो, बोर्ड थोडा वाकल्यासारखा वाटतो, घाबरू नकोस.

एवढं करूनही नाही आलं तर बोर्डाच्या उजव्या कडेला २४ पिनांच्या आसपास चार बारीक दिवे शोध, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. सगळ्या बोर्डांवर नसतात, पण बी५५० च्या बऱ्याच बोर्डांवर असतात. चालू केल्यावर ते एकेक करून लागतात आणि विझतात, कारण बोर्ड त्या क्रमाने एकेक गोष्ट तपासत पुढे जातो. जो दिवा लागून राहिला तिथे काम अडलं. डीरॅमवर अडलं तर रॅम, सीपीयूवर अडलं तर ८ पिनांची पॉवर, प्रोसेसरची बसणूक किंवा बायोस (बोर्डाला सुरू करणारा, त्याच्या चिपमधला प्रोग्राम), व्हीजीएवर अडलं तर कार्ड आणि त्याची पॉवर. आणि बूटवर पोचून थांबलं असेल तर आनंद मान, म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम, कार्ड सगळं पास झालंय, फक्त विंडोज टाकलेली डिस्क सापडत नाहीये, आणि तरीही स्क्रीन काळी असेल तर परत केबल आणि मॉनिटरकडेच जायचं. दिवे नसतील तर बोर्डावर स्पीकर पिना असतात, त्याला लावायचा छोटा स्पीकर अगदी थोड्या पैशात मिळतो. सहसा एक छोटा बीप म्हणजे सगळं ठीक, बाकीच्या बीपांचा अर्थ बोर्डाच्या पुस्तिकेत बघायचा कारण प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.

शेवटी सगळं उतरव. बोर्डावर फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि ग्राफिक कार्ड ठेव. एसएसडी, समोरच्या यूएसबीच्या वायरी, आरजीबी, सगळं बाजूला. एसएमपीएसचं मागचं बटण बंद कर, वायर काढ, कॅबिनेटचं बटण थोडा वेळ दाबून धर म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल, मग बोर्डावरचा गोल सेल काढ, तो ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो, पाचेक मिनिटांनी परत लाव. यामुळे बायोसची सेटिंग मूळपदावर येते. मग एकच रॅम ए२ मध्ये लावून बघ, नाही आलं तर दुसरी रॅम त्याच जागी, मग दुसरा स्लॉट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि कागदावर लिहीत जायचं, नाहीतर दोन तासांनी काय लावून बघितलं होतं तेच आठवत नाही.

प्रोसेसर काढायची वेळ आलीच तर कूलर सरळ वर ओढू नकोस. तुझ्या एएम४ सॉकेटला प्रोसेसरच्या पोटाखाली १३३१ पिना आहेत आणि पेस्ट घट्ट झाली असेल तर कूलरबरोबर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, त्यात पिना वाकतात. कूलर आधी हलक्या हाताने डावीउजवीकडे पिळायचा, सुटला की उचलायचा. मला वाटतं तुझं काम इथपर्यंत यायच्या आधीच होईल.

प्रश्न : मित्राकडून बी४५० चा जुना बोर्ड घेतला, त्याच्याकडे त्यावर रायझन ५ २६०० व्यवस्थित चालत होता, माझ्या डोळ्यांसमोर. घरी आणून नवा कोरा रायझन ७ ५७००एक्स लावला तर काहीच नाही, सीपीयूचा लाल दिवा लागून राहतो. मित्र म्हणतो बोर्ड चांगला दिला होता, ज्याच्याकडून प्रोसेसर घेतला तो म्हणतो प्रोसेसर चांगला आहे. मध्ये मी अडकलोय.
— नाशिकहून एक वाचक

उत्तर : दोघंही खरं बोलतायत. बी४५० बाजारात आला २०१८ मध्ये आणि ५७००एक्स आला २०२२ मध्ये. बोर्डाच्या बायोसमध्ये त्या वेळच्या प्रोसेसरांचीच माहिती असते, पुढे आलेल्या प्रोसेसरसाठी कंपन्यांनी नवीन बायोस काढले, पण मित्राने कधी अपडेट केलाच नसेल तर तुमच्या प्रोसेसरला तो बोर्ड ओळखणार कसा? इंटेलमध्येही हेच होतं, १२ व्या पिढीच्या वेळचा बी६६० बोर्ड आणि त्यावर १३ व्या पिढीचा प्रोसेसर लावला तर बायोस जुना असला की स्क्रीन काळी.

तुमच्याकडे सोपा रस्ता आहे तो म्हणजे मित्राचा २६००. एका संध्याकाळसाठी तो परत मागा, बोर्डावर लावा आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवर तुमच्या बोर्डाचं अगदी नेमकं मॉडेल शोधा, नुसतं बी४५० नाही, पूर्ण नाव, आणि असेल तर रिव्हिजन सुद्धा, ते बोर्डावरच छापलेलं असतं. सपोर्टच्या पानावर प्रोसेसरची यादी असते, त्यात ५७००एक्स समोर कोणता बायोस व्हर्जन लिहिलाय ते बघा आणि तो किंवा त्यानंतरचा डाउनलोड करा. फाईल पेनड्राईव्हवर, पेनड्राईव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला, आणि बायोसमध्ये जाऊन तिथूनच अपडेट. आधी पान नीट वाचा, काही बोर्डांची बायोस चिप १६ एमबीचीच असल्यामुळे नवीन प्रोसेसरांना जागा करायला काही जुने प्रोसेसर काढून टाकलेत, म्हणजे अपडेटनंतर एखादा जुना प्रोसेसर त्या बोर्डावर चालणार नाही. आणि काही बायोस थेट टाकता येत नाहीत, मधला एक आधी टाकावा लागतो, तेही त्याच पानावर लिहिलेलं असतं.

२६०० मिळाला नाही तर बोर्डाच्या मागे फ्लॅश बायोस किंवा तत्सम नावाचं बारीक बटण आहे का बघा. असेल तर प्रोसेसर न चालताही बायोस टाकता येतो. २४ पिनांची आणि ८ पिनांची दोन्ही पॉवर लावायची, पीसी चालू करायचा नाही, फाईलला त्या कंपनीने सांगितलेलं नाव द्यायचं, कारण ही बटणं ठराविक नावाचीच फाईल उचलतात, पेनड्राईव्ह त्या ठराविक यूएसबी पोर्टातच लावायचा आणि बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकायला लागला की हात लावायचा नाही, काही मिनिटं लागतात.

यात एकच भीती खरी आहे, अपडेट चालू असताना लाईट जाणं. तुमच्याकडे लाईट जात-येत असेल तर पीसी यूपीएसवर लावूनच करा, यूपीएस नसेल तर कुणाकडून तेवढ्यापुरता आणा. पावसात, वारं सुटलेलं असताना तर अजिबात नको.

प्रश्न : रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, १६-१६ जीबी डीडीआर५. चालू केलं की डीरॅमचा पिवळा दिवा लागतो आणि तसाच राहतो. मी मिनिटभर वाट बघून बंद करतो आणि परत चालू करतो, कितीतरी वेळा केलं. रॅम खराब आली का?
— म्हापशाहून एक वाचक

उत्तर : बंद करू नका! तुमच्या बी६५० सारख्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड त्या रॅमशी जुळवून घ्यायला वेळ घेतो, सिग्नलचं टायमिंग वेगवेगळं लावून बघतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि तेवढा वेळ डीरॅमचा दिवा लागलेला आणि स्क्रीन काळी असणं अगदी नॉर्मल आहे. तुम्ही मिनिटाला बंद करताय म्हणजे प्रत्येक वेळी ते काम पहिल्यापासून सुरू होतंय. चालू करा आणि पंधरा मिनिटं तिकडे बघूच नका, चहा घेऊन या. मध्ये आपोआप बंद होऊन परत चालू झालं तरी होऊ द्या. एकदा झालं की पुढच्या वेळी लवकर सुरू होतं, पण सेल काढला, बायोस अपडेट केला किंवा एक्सपो (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) चालू केलं की परत एकदा तेवढीच वाट बघायची तयारी ठेवा. चार रॅम लावलेल्यांना आणखी वेळ लागतो, सुरुवात दोनानेच करावी.

पंधरा-वीस मिनिटांनी काहीच झालं नाही तर एक रॅम काढून बघा. आणि तुमच्या ७६०० मध्ये साधंसं ग्राफिक्स आहे, त्यामुळे ग्राफिक कार्ड काढून बोर्डाच्या एचडीएमआयवर तपासता येईल, ती तुमची मोठी सोय आहे. ७५००एफ घेतलेल्यांना ती नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. मुलीने घरीच कॉम्प्युटर जोडलाय. बटण दाबलं की पंखा अर्धा सेकंद हलतो आणि बंद पडतो. त्यात परवा तिला कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या. आमचं घर जुनं आहे. मी घाबरून सगळं बंद करून ठेवलंय, ती रागावलीय. काय करावं?
— सोलापूरहून एक आई

उत्तर : बंद ठेवलंत ते बरोबर केलंत, तिला माझ्याकडून सांगा. पण तिचं काम फुकट गेलेलं नाही, हेही सांगा.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झिणझिण्यांचं आधी बघू कारण ते माणसाचं आहे. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटच्या पत्र्याकडे छोटे फिल्टरचे कपॅसिटर जोडलेले असतात. घराला आर्थिंग असेल तर त्यातला बारीकसा करंट आर्थिंगच्या वायरीने निघून जातो. आर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा ॲडॉप्टर लावला असेल, तर पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज उभं राहतं, म्हणजे २३० मधले ११५ च्या आसपास. करंट फार थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण नेमकं तेच कारण आहे की आत खरोखर कुठे वायर पत्र्याला लागलीय हे नुसत्या स्पर्शावरून कळत नाही. तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि मीटर लावून बघायला सांगा, सॉकेटमध्ये फेज आणि आर्थिंगच्या मध्ये २३० च्या जवळपास दाखवायला हवं आणि न्यूट्रल-आर्थिंगमध्ये अगदी थोडे व्होल्ट. जुन्या घरात आर्थिंगचं भोक असतं आणि मागे वायरच नसते. पीसी असो नसो, मिक्सर, गीझर, वॉशिंग मशीन सगळ्यासाठी हे करून घ्याच. आर्थिंग होईपर्यंत कॅबिनेट चालू असताना एचडीएमआयची केबल लावू-काढू नये, आधी केबल लावायची मग पॉवर, नाहीतर पोर्ट जायची शक्यता असते.

आता अर्ध्या सेकंदात बंद पडण्याचं. हे पहिल्या पत्रासारखं नाही, तिथे मशीन चालू राहत होती. इथे एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट दिसतोय आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतोय. बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट ठेवत नाहीत, खाली पितळेचे छोटे स्टँडऑफ असतात आणि त्यांच्यावर बोर्ड उभा असतो. कॅबिनेटला वेगवेगळ्या मापाच्या बोर्डांसाठी भोकं असतात, त्यात जिथे बोर्डाला भोक नाही अशा जागी एखादा स्टँडऑफ राहिला तर तो बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकतो आणि शॉर्ट होतो. एखादा सुटा स्क्रू बोर्डामागे घरंगळलेला असतो, तेही बघायचं. मुलीला म्हणावं, बोर्ड पूर्ण बाहेर काढ, बोर्डाच्याच खोक्यावर ठेव, म्हणजे कोरड्या पुठ्ठ्यावर, ज्या चकचकीत अँटिस्टॅटिक पिशवीतून तो येतो तिच्यावर नको, आणि तिथेच प्रोसेसर, कूलर, एक रॅम एवढंच लावून चालू कर. चालू करायला कॅबिनेटचं बटण लागत नाही, बोर्डावर पॉवर स्विचच्या दोन पिना असतात, त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की पुरे. त्या पिनांवर ५ व्होल्टच्या आतबाहेरच असतं, शॉक बसत नाही, पण शेजारच्या पिनांना टोक लागू देऊ नकोस. पुठ्ठ्यावर चाललं तर दोष कॅबिनेटमधल्या बसवणुकीचा, आणि तो फुकटात दुरुस्त होतो. पुठ्ठ्यावरही तसंच झालं तर वायरींची अदलाबदल झालीय का ते आणि मग एसएमपीएस बदलून बघायचा.

आणि हो, हे सगळं आर्थिंग झाल्यावरच. तोवर तिला सगळ्या स्टँडऑफची जागा बोर्डाच्या भोकांशी ताडून बघायला सांगा, त्याला लाईट लागत नाही.

प्रश्न : नवीन पीसीत माझं जुनं ग्राफिक कार्ड लावलं, दहा-बारा वर्षांपूर्वीचं असेल. जुन्या पीसीत लावलं की चालतं, नवीनमध्ये डिस्प्ले नाही. कार्ड बिघडलं म्हणावं तर जुन्यात कसं चालतं?
— चिपळूणहून एक वाचक

उत्तर : कार्ड बिघडलेलं नाही. जुनी बरीच कार्डं जुन्या पद्धतीच्या बायोसला धरून बनवलेली आहेत आणि नवीन बोर्ड यूईएफआयने, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीने, सुरू होतात. बोर्डात सीएसएम नावाची सेटिंग असते, ती चालू असेल तर बोर्ड जुन्या कार्डाला सांभाळून घेतो, पण नवीन बोर्डांवर ती सुरुवातीपासून बंदच असते. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढा, बोर्डाच्या पोर्टवरून बायोसमध्ये जा आणि ती चालू होते का बघा. काही नव्या बोर्डांत ती सोय मिळतच नाही, आणि विंडोज ११ ला यूईएफआयच हवं असतं, त्यामुळे खरं सांगायचं तर त्या कार्डाच्या मागे फार लागू नका. इतक्या जुन्या कार्डापेक्षा आजच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बऱ्याचदा सरस असतं.

तुमच्याकडची हवा दमट, म्हणून आणखी एक. जुनी रॅम किंवा कार्ड वापरताना सोनेरी पट्ट्या बघा, काळपट डाग असतील तर पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसा, भुगा ब्रशने झाडा, आणि मिळालं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने शेवटचा हात फिरवा. स्लॉटमध्ये काहीही घालून खरवडू नका.

प्रश्न : प्रोसेसर बसवताना सॉकेटमधल्या दोन पिना वाकल्यासारख्या दिसतायत. इंटेलचा १७०० सॉकेट आहे. डिस्प्ले नाही. दुकानदार वॉरंटीत घेईल का?
— ठाण्याहून एक वाचक

उत्तर : बहुतेक घेणार नाही, सॉकेटच्या वाकलेल्या पिना म्हणजे हाताळणीतला दोष असंच धरतात. म्हणून नवीन बोर्ड उघडतानाच सॉकेटचा फोटो काढून ठेवावा असं मी सगळ्यांना सांगते, आणि सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण कधीही फेकू नये, बोर्ड परत पाठवताना ते मागतात.

तुम्ही स्वतः सुई घेऊन बसू नका. इंटेलच्या सॉकेटमधल्या पिना केसासारख्या बारीक असतात, एक सरळ करताना शेजारच्या दोन वाकतात. मोबाईलचे बोर्ड मायक्रोस्कोपखाली दुरुस्त करणारी माणसं आता तालुक्याच्या गावातही आहेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तर आहेतच, त्यांना दाखवा, भाव आधी ठरवा आणि फोटो काढून मगच बोर्ड हातात द्या. कधी कधी वाकलेली पिन एका रॅम चॅनलचीच असते, तेव्हा बोर्ड एका बाजूच्या स्लॉटवर चालतो, म्हणून द्यायच्या आधी एकच रॅम प्रत्येक स्लॉटमध्ये लावून बघा. कूलर एका बाजूला जास्त आवळला गेला तरी अशीच एका चॅनलची रॅम गायब होते, तेव्हा स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे-थोडे करत सारखे आवळा.

प्रश्न : माझा मॉनिटर जुना आहे, फक्त व्हीजीए. नवीन ग्राफिक कार्डला व्हीजीए नाही. स्वस्तातली एचडीएमआय ते व्हीजीए अशी नुसती वायर आणली, डिस्प्ले येत नाही.
— नागपूरहून एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, ती वायर कधीच चालणार नाही. एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल येतो आणि तुमच्या मॉनिटरला ॲनालॉग लागतो, तो बदलायला मध्ये चिप हवी आणि नुसत्या वायरीत ती नसते. ज्याच्यात चिप आहे असा कन्व्हर्टर घ्या, तो छोट्या डबीसारखा असतो आणि त्याच्यातून तुमची जुनीच व्हीजीए केबल मॉनिटरला जाते. मॉनिटर उत्तम चालतोय तर तो टाकून द्यायची काही गरज नाही. दुकानात सांगताना पीसी एचडीएमआय आणि मॉनिटर व्हीजीए असं स्पष्ट सांगा, कारण व्हीजीएवरून एचडीएमआय करणारा उलटा कन्व्हर्टरही दिसायला तसाच असतो आणि तो तुम्हाला चालणार नाही.